पोळे

जत्रेतल्या कनातीला आपले आयुष्य किती दिवसांचे, हे खुंट्या ठोकल्या त्या दिवसापासूनच ठाऊक असते. पाळणे उतरतात, बत्तासेवाला आपली परात झाडून गाडीत टाकतो आणि चार दिवसांनी त्या मैदानात खुंट्यांची भोके तेवढी उरतात. मोठ्या देशांची मोठी प्रदर्शने ही असल्या जत्रांचीच थोरली भावंडे. १९०० साली पॅरिसला जे जागतिक प्रदर्शन भरले ते १४ एप्रिलला उघडले आणि १२ नोव्हेंबरला मिटले. सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांनी त्याची तिकिटे फाडली. सीन नदीच्या दोन्ही काठांवर राजवाडे उभे होते, घुमट होते, कमानी होत्या. माणसांना उभ्याउभ्या पुढे नेणारी सरकती पायवाटही होती. यातले बहुतेक सारे वैभव लाकडाच्या सांगाड्यावर चढवलेल्या प्लास्टरचे. ग्रां पाले, पती पाले आणि तिसऱ्या अलेक्झांडरचा पूल अशा थोड्या वास्तू कायमच्या म्हणून बांधल्या होत्या, त्या राहिल्या. बाकीचे राजवाडे कुदळीखाली गेले, आणि त्याबद्दल कुणी अश्रू गाळल्याचे ऐकिवात नाही.

त्या प्रदर्शनात दारूचाही एक मंडप होता. बहुकोनी, वर्तुळाकार म्हणावा असा, आणि त्याचा लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह आयफेल याच्या रचनेचा. लोकांनी तिथे यावे, निरनिराळ्या द्राक्षांच्या रसाची चव घ्यावी, चार बाटल्यांचे कौतुक करावे आणि पुढच्या मंडपाकडे वळावे, एवढाच त्याचा जन्महेतू. तो मंडप आज सव्वाशे वर्षांनंतरही उभा आहे. मी तो पाहून आलो. परंतु पॅरिसला जाऊन आयफेलचा मनोरा पाहण्याआधी मी हा मोडका मंडप का पाहायला गेलो, ते सांगायचे तर गिरगावातून निघावे लागेल.

गिरगावात आमचे दुमजली घर होते. खाली आम्ही, वर दोन बिऱ्हाडे, आणि त्याच्याही वर कौलांखाली एक माळा. या माळ्यावर एक चित्रकार राहत असत. त्यांचे नाव होते, पण आम्ही मुले त्यांना ‘माळ्यावरचे काका’ म्हणत असू आणि पुढे पुढे मोठी माणसेही तसेच म्हणू लागली. काका जे. जे. मध्ये शिकलेले. दिवसा ते सिनेमाची पोस्टरे आणि कॅलेंडरांवरच्या लक्ष्मी-सरस्वती रंगवीत आणि रात्री, सारा वाडा निजला की, स्वतःची चित्रे काढीत. जिन्याच्या शेवटच्या वळणावर टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास सुरू होई. तो वास मला लहानपणी श्रीमंतीचा वाटे. का वाटे ते सांगता येत नाही. घरातल्या कुठल्याच वासाशी त्याचे नाते नव्हते, म्हणून असेल.

काका आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महिन्याला चाळीस रुपये देत. पाऊस चांगला झाला की देत आणि नाही झाला तरी देत, असे म्हणण्याची सोय मात्र नव्हती. चार-चार महिने थकत. आप्पांनी कधी मागितले नाहीत, वाढवले नाहीत आणि भाडेपावती म्हणून कधी फाडली नाही. “घरच्या माणसाला पावती कसली देतोस?” असे ते मुनीमपणा करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला म्हणत. या न फाडलेल्या पावतीकडे मला पुन्हा यायचे आहे.

पॅरिसच्या त्या मंडपाची गोष्ट मी पहिल्यांदा काकांच्या तोंडून ऐकली. ते एका स्टुलावर, आप्पा खिडकीत आणि आम्ही पोरे उंबऱ्यावर. काका म्हणाले, “आप्पासाहेब, पॅरिसात एक मधमाश्यांचे पोळे आहे. त्यात चित्रकार राहतात. त्यांच्याकडे कुणी भाडे मागत नाही.” आप्पा म्हणाले, “मग हा आमचा माळा काय गांधीलमाश्यांचा म्हणायचा?” दोघेही पुष्कळ हसले. मला मात्र ते पोळे खरेच दिसू लागले : षट्कोनी खोल्या, प्रत्येक खोलीत एकेक काका, आणि मधाला टर्पेंटाइनचा वास.

गोष्ट खोटी नव्हती. आल्फ्रेड बूशे नावाचा एक शिल्पकार होता. नोजां-सुर-सेन या गावात वाढलेला, माळीकाम करणाऱ्या एका गरिबाचा मुलगा. बाप ज्याच्या घरी राबत होता तो योगायोगाने शिल्पकार निघाला आणि पोराच्या हाताला माती लागली. पुढे बूशेला मानमरातब मिळाला, बड्या लोकांचे अर्धपुतळे करून हातात पैसा खेळू लागला. आज त्याची शिल्पे कुणी फारशी आठवीत नाही. कामीय क्लोदेल ही त्याची शिष्या. स्वतः फ्लॉरेन्सला जाताना त्याने तिला आपला मित्र रोदँ याच्यावर सोपवले आणि त्यातून जे घडले ते जगाला ठाऊक आहे. नोजांला बूशेने स्वतः एक संग्रहालय काढले होते. त्याचा संग्रह २०१७ सालापासून नव्या इमारतीत आहे आणि ते संग्रहालय कामीय क्लोदेलच्या नावाने ओळखले जाते. गुरूच्या घरावर शिष्येची पाटी लागली. मला वाटते, बूशेला याचे वाईट वाटले नसते.

या बूशेने पॅरिसच्या अगदी कडेला, वोजिरार भागात, स्वस्तातली पडीक जमीन घेतली होती. शेजारी गुरांचा भला मोठा कत्तलखाना. (बूशे या शब्दाचा फ्रेंच भाषेत अर्थ खाटीक. नावाला जागून जमीन घ्यावी ती अशी!) १९०० चे प्रदर्शन संपले, मंडपांचा लिलाव पुकारला गेला आणि या माणसाने दारूचा मंडप विकत घेतला. स्त्रियांच्या कलाकौशल्याचे जे दालन होते त्याचे लोखंडी फाटक घेतले, आणखी एका मंडपाच्या दारावरच्या दोन स्त्रीमूर्ती घेतल्या. जुन्या बाजारातून कुणी दार, कुणी खिडकी, कुणी गज उचलावेत आणि त्यांचे घर करावे, तसे त्याने हे सारे आपल्या जमिनीवर आणून जोडले. मधोमध जिना आणि भोवती पाचरीच्या आकाराच्या खोल्या, दाराशी निमुळत्या आणि खिडकीशी रुंद. १९०२ साली हे घर गरीब चित्रकार-शिल्पकारांसाठी उघडले. राहणाऱ्यांना बूशे आपल्या मधमाश्या म्हणे, आणि घराचे नाव पडले ‘ला रूश’, पोळे. राहणारे मात्र आपल्या त्या निमुळत्या खोल्यांना शवपेट्या म्हणत. दोन्ही नावे खरी होती.

भाडे नाममात्र, आणि ते न देणाऱ्याला बूशेने बाहेर काढले नाही. सोयींच्या नावाने आनंद होता. वीज नाही, गॅस नाही, पाणी खाली आवारात. कत्तलखान्याच्या बाजूने वारा आला की रक्ताचा वास येई आणि पहाटे गुरांचे हंबरणे ऐकू येई. त्या हंबरण्यात रशियाच्या साम्राज्यातून पळून आलेली गरीब ज्यू पोरे रात्रभर चित्रे काढीत. शागाल होता, सूतिन होता, झाडकिन आणि आर्किपेंको होते, नॉर्मंडीचा लेजे होता. शागालने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की कॅनव्हासला पैसे नसले की तो चादरी, टेबलावरची कापडे, रात्री घालायचे सदरे फाडून त्यांवर रंगवी, आणि एक मासा दोन दिवस पुरवी : आज डोके, उद्या शेपूट. आमच्या काकांनी बोंबलाच्या बाबतीत अशी वाटणी केल्याचे मी पाहिले आहे, पण ते शागालचे वाचून नव्हे.

१९१४ साली शागाल आपल्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी बर्लिनला आणि तिथून घरी रशियात गेला. थोड्या दिवसांत परत यायचे म्हणून त्याने खोलीचे दार नुसत्या तारेने बांधले. मग महायुद्ध आले, क्रांती आली. परतायला १९२३ साल उजाडले. खोलीत दुसरेच कुणी राहत होते आणि त्याची चित्रे नाहीशी झाली होती. तार तर काय, तशीच कुठे लोंबत असेल. भाडे न घेणाऱ्या घरात हाही धोका असतो. जिथे कुणाला हाकलत नाहीत तिथे कुणाची जागाही राखून ठेवीत नाहीत.

मी मुलीकडे पॅरिसला गेलो तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. मुलीने पाहायच्या ठिकाणांची यादी केली होती, त्यात हे घर नव्हते. भुयारी गाडीच्या बाराव्या मार्गावर कन्व्हेन्शन नावाच्या स्थानकाला उतरलो आणि चालत निघालो. कत्तलखाना १९७० च्या दशकात बंद झाला. त्या जागी आता मोठी बाग आहे. प्रवेशाशी काशाचे दोन बैल जुन्या धन्याची आठवण म्हणून उभे आहेत. घोड्यांचा बाजार जिथे भरे त्या लोखंडी छपराखाली शनिवार-रविवारी जुनी पुस्तके विकतात. बागेत द्राक्षांचे वेल आहेत आणि, थट्टा वाटेल, मधमाश्यांची खरीखुरी पोळीही ठेवली आहेत. म्हणजे मद्य तिथे, मध तिथे, आणि मधमाश्या म्हणवणारी माणसे चार पावलांवर, पॅसाज द दांत्सिग नावाच्या गल्लीत.

फाटक बंद होते. राहते घर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत सोडीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गजांतून पाहिले : झाडे वाटेल तशी वाढलेली, पलीकडे ती गोल इमारत, टोपी घालून बसलेल्या म्हातारीसारखी. दाराशी त्या दोन स्त्रीमूर्ती. प्रदर्शनातल्या मंडपाची ऐट तिच्यात उरली नव्हती. कोकणात एखादे घर वापरून वापरून माणसाळते तशी ती माणसाळली होती. मी गज धरून उभा राहिलो. तेवढ्यात हातात पावाची पिशवी घेतलेली एक वयस्क बाई आली. मुलीने तिला काही विचारले. बाईने मान हलवली, मग माझ्याकडे पाहून विचारले की हे चित्रकार आहेत का. मुलगी म्हणाली, नाही, पण यांच्या घरी एक चित्रकार राहत असत. त्या बाईने क्षणभर विचार केला आणि फाटक उघडले. दहा मिनिटे, असे तिने बोटांनी सांगितले.

आत मधोमध लाकडी जिना. पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या. भोवती अरुंद दारे. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो वास आला. टर्पेंटाइन आणि जवसाचे तेल. मी कठड्याला धरून उभा राहिलो. मुलीला वाटले मला धाप लागली आहे, आणि मी तिला तसेच वाटू दिले.

आता त्या पावतीची हकीकत.

आप्पा १९८७ साली गेले. घर आम्हां तीन भावंडांच्या नावावर झाले. १९९४ साली एका बांधकामवाल्याने घर मागितले. वरच्या दोन बिऱ्हाडांकडे भाडेपावत्या होत्या. कायद्याने त्यांना नव्या इमारतीत जागा द्यावी लागणार होती, आणि ती त्यांना मिळाली. माळ्याचे काय, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, “पावती नाही ना? मग प्रश्नच नाही.” तेव्हा मला हायसे वाटले. हे लिहिताना मी दोनदा लेखणी खाली ठेवली. पण वाटले होते ते हायसेच. आप्पांनी ज्याला घरचे मानून कागद दिला नाही, तो त्या कागदाच्या अभावी घरचाही राहिला नाही, भाडेकरूही राहिला नाही.

सांगायला मी गेलो. दादाने ते काम मला दिले, कारण लहानपणी माळ्यावर जास्त मी जात असे. काका ब्रश पुसत होते. सारे ऐकून घेतले आणि विचारले, “कधीपर्यंत?”

“दिवाळीपर्यंत.”

“म्हणजे दिवाळी इथेच. बरे झाले,” ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

आम्ही त्यांना साठ हजार रुपये दिले. त्यांनी मोजले नाहीत. पुतण्याच्या खोलीत, विरारला, ते राहायला गेले. तिथे लहान मुले होती, तेलाच्या रंगाच्या वासाने घरच्यांचे डोके उठे, म्हणून त्यांनी तेलरंग सोडले. पुढे ब्रशही सोडला, असे ऐकले. २००१ साली ते वारले ते आम्हांला आठ दिवसांनी कळले.

त्या झिजक्या जिन्यावर उभे असताना मला बूशे आठवला नाही. आठवले ते त्याचे वारस. बूशे १९३४ साली गेला. घराची पडझड होत राहिली, तरी चित्रकार राहतच होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वारसांनी जमीन विकायला काढली. तिथे मोठ्या इमारती उठणार होत्या. मी त्यांना मनातून दोष द्यायला निघालो आणि तिथेच अडखळलो. त्यांनी काय मोठे केले होते? बापजाद्याने कधीकाळी उदार होऊन काही माणसे घरात घेतली. त्यांची कौले शाकारायची ती वारसांनी, कर भरायचा तो वारसांनी, आणि उदारपणाचे नाव मात्र थडग्यात निजलेल्याचे. हे वाक्य मला इतके सहज सुचले, कारण १९९४ साली दादाने आमच्या ओटीवर बसून, नावे वेगळी घालून, हेच म्हटले होते. आणि मी मान हलवली होती.

तिकडे एक गोष्ट निराळी घडली. घर वाचवण्यासाठी समिती झाली आणि तिच्या अध्यक्षस्थानी बसला ऐंशीच्या घरातला शागाल. ज्या घरात त्याची चित्रे गेली, ज्या घरात त्याने माशाचे दोन भाग केले, त्या घरासाठी तो उभा राहिला. १९७१ मध्ये सेदू घराण्याने जागा विकत घेऊन वाचवली, १९७२ मध्ये सरकारने दर्शनी बाजू आणि छपरे ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदवली, पुढे घरासाठी न्यास झाला. आजही पन्नासेक कलावंत तिथे राहून काम करतात. बूशेने जे तोंडी केले होते ते अखेर कागदावर आले. दारू चाखण्यासाठी उभारलेला सात महिन्यांचा मंडप त्या कागदामुळे उरला.

आपल्याकडे असे घर नव्हते असे नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंचा बंगला होता. त्यांच्या मागे, १९५० आणि १९६० च्या दशकांत, त्यात कलावंतांना कामासाठी जागा मिळत. गायतोंडे तिथे रंगवीत, हुसेन तिथे रंगवीत, अल्काझींची नाट्यशाळा तिथे चाले, रविशंकरांची सतार तिथे ऐकू येई. काका गायतोंड्यांची चित्रे पाहायला तिथे जात आणि परत आले की दोन दिवस कुणाशी बोलत नसत. तो बंगला चांगला दगडाविटांचा, समुद्राकाठचा. सात महिन्यांचा मंडप नव्हे. त्या जागी आता उंच इमारत आहे. रस्त्याला भुलाभाईंचे नाव आहे, ते बरे आहे. गायतोंडे १९७२ साली दिल्लीला गेले. आमच्या घराच्या जागीही सात मजले आहेत. तिसऱ्या मजल्यावर माझा हिस्सा आहे आणि तिथेच मी हे लिहीत आहे.

ती बाई खाली आमची वाट पाहत होती. दहा मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. तिने मुलीला विचारले, तुमच्या घरचे ते चित्रकार आता कुठे आहेत? मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला ही हकीकत मी कधी सांगितली नव्हती. मी म्हणालो, “सांग, वारले.” मुलीने सांगितले. बाईने पावाच्या पिशवीतून हात काढून माझ्या दंडावर ठेवला. तिचा गैरसमज झाला होता आणि तो दूर करण्याइतके फ्रेंच मला येत नव्हते. मुलीला येत होते, पण मी तिला सांगितले नाही.

काकांचे एक चित्र आमच्याकडे राहिले होते. सात फूट रुंद, पाच फूट उंच. विरारच्या खोलीत ते मावणार नव्हते, म्हणून टेंपोत चढवता चढवता त्यांनी ते परत जिन्याशी टेकवून ठेवले आणि म्हणाले, “नंतर नेईन.” नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते जाईना, तेव्हा आम्ही चौकटीवरून कापड उतरवून, गुंडाळी करून, पोटमाळ्यावर टाकले. तीस वर्षे ते तिथे होते.

परत आल्यावर चार दिवसांनी मी ती गुंडाळी खाली काढवली. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबले भिंतीला लावली आणि कापड जमिनीवर पसरले. रंगाला ठिकठिकाणी चिरा गेल्या होत्या, एका कडेचे पोपडे निघाले होते. माळ्याच्या खिडकीतून दिसणारी आमची गल्ली होती. कौलांच्या उतरणी, वाळत घातलेली लुगडी, चिंचेचा शेंडा. आणि खाली, अगदी कोपऱ्यात, ओटीवर वर्तमानपत्र धरून बसलेले आप्पा. त्यांचे तोंड कागदाआड होते. पण बसण्यावरून ते ओळखू येत होते. त्यांच्या शेजारी पायरीवर एक मुलगा वर माळ्याकडे पाहत होता.

कापड सारखे आपल्या आपण गुंडाळू पाहत होते. बायकोने स्वयंपाकघरातून डाळीचे चार डबे आणले आणि चारही कोपऱ्यांवर ठेवले.